सिस्टर, तुम्ही जेवलात का?

साथीच्या दिवसांत रुग्णांची काळजी परिचारिकांनी घेतली. त्या परिचारिकांची काळजी कोणी घेतली? बंगळूरच्या रुग्णालयांनी पाहिलेल्या दोन वर्षांची ही हकीकत प्रत्येक घराने समजून घ्यावी अशी आहे.

३ मे २०२० चा दिवस. बंगळूरच्या व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कर्मचारी जमले होते. हवाई दलाचे हेलिकॉप्टर डोक्यावरून गेले आणि वरून फुलांच्या पाकळ्यांचा वर्षाव झाला. कोरोनाशी लढणाऱ्यांना देशाने दिलेली ती मानवंदना होती. त्याआधी २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता लोकांनी गॅलरीत उभे राहून टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या होत्याच. पांढऱ्या गणवेशातील मुलगी अचानक साऱ्या देशाची लाडकी झाली होती.

बरोबर एका वर्षानंतरचे चित्र पाहा. ५ मे २०२१ रोजी कर्नाटकात एकाच दिवसात ५० हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. त्यांतले सुमारे २३ हजार एकट्या बंगळूर शहरातले होते. आयसीयूच्या एकेका खाटेसाठी नातेवाईक रात्रभर फोन करीत होते. शहराबाहेर तावरेकेरे आणि गिड्डेनहळ्ळी येथे उघड्यावर अंत्यसंस्कारांची सोय करावी लागली होती. फुले, टाळ्या, थाळ्या यांची आठवणही कोणाला उरली नव्हती. परिचारिका मात्र त्याच वॉर्डात होती. तिचे पाय सुजलेले होते, झोप उडालेली होती आणि मनात एक विचित्र रितेपण साठू लागले होते.

या रितेपणाला वैद्यकशास्त्रात एक नाव आहे, बर्नआउट. दिव्यातले तेल संपले तरी वात जळत राहावी आणि शेवटी तीही काजळून जावी, तशी मनाची ही अवस्था असते.

साथीचे शहर, सेवेचे शहर

साथ आणि बंगळूर यांची ओळख जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेला प्लेग ऑगस्ट १८९८ मध्ये बंगळूरला येऊन पोहोचला. दाटीवाटीच्या पेठा रिकाम्या झाल्या. लोकांना मोकळ्या हवेत राहता यावे म्हणून मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या नव्या वसाहती आखल्या गेल्या. शहरात आजही 'प्लेगअम्मा'ची देवळे आहेत. १९०० साली लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते व्हिक्टोरिया रुग्णालयाचे उद्घाटन झाले. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या रुग्णांसाठी जी सरकारी रुग्णालये तातडीने राखून ठेवण्यात आली, त्यांत हेच रुग्णालय आघाडीवर होते.

कर्नाटक हे परिचर्येच्या शिक्षणाचे मोठे केंद्र आहे. केरळमधून, ईशान्येकडील राज्यांतून आणि उत्तर कर्नाटकातील खेड्यांतून मुली इथे शिकायला येतात आणि इथल्याच रुग्णालयांत नोकरीला लागतात. बहुतेकींच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज असते. घरी धाकटी भावंडे असतात, म्हातारे आईवडील असतात. चार-सहा जणी मिळून एक खोली भाड्याने घेतात किंवा वसतिगृहात राहतात. रुग्ण कानडीत बोलतो, शेजारच्या खाटेवरचा तमिळमध्ये, त्यापलीकडचा उर्दूत. अशा शहरात 'सिस्टर' किंवा 'अक्का' अशी हाक आली की भाषा कोणतीही असो, मुलगी उठून धावत जाते.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. बाकीची माणसे घरात बसली, तेव्हा या मुलींना रोज घराबाहेर पडायचे होते. गावाकडून आईचा फोन यायचा, "सोडून दे नोकरी, ये घरी." परत जायला गाडी नव्हती. गाडी असती तरी पुष्कळ जणी गेल्या नसत्या. जिने औषधाची वेळ पाळायची तिनेच पाठ फिरवली तर रुग्णाचे काय होणार, हे त्यांना ठाऊक होते.

सगळ्याच मात्र थांबल्या नाहीत. मे २०२० मध्ये कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून मणिपूर आणि इतर राज्यांच्या शेकडो परिचारिका नोकरी सोडून आपापल्या गावी परतल्या. त्यांना दोष देणे सोपे आहे. परक्या शहरात, आजाराच्या आणि तुटपुंज्या पगाराच्या काळजीत एकटीने दिवस काढणे सोपे नाही.

किटच्या आतले तास

कोरोना वॉर्डातल्या कामाची कल्पना बाहेरच्या माणसाला येणे कठीण आहे. ड्यूटीवर जाण्याआधी पायापासून डोक्यापर्यंत झाकणारे पीपीई किट चढवायचे. त्यावर दोन-दोन हातमोजे, घट्ट मास्क, चष्मा आणि चेहऱ्यावर पारदर्शक ढाल. एकदा किट घातले की सहा-सहा, कधी आठ-आठ तास ते उतरवता येत नसे. पाणी पिता येत नसे, लघवीला जाता येत नसे. म्हणून कित्येक जणी ड्यूटीच्या आधीपासूनच पाणी पिणे बंद करीत. मासिक पाळीच्या दिवसांत तर हालांना सीमा नसे.

किटच्या आत घामाच्या धारा लागत. चष्म्यावर वाफ धरे आणि त्यातूनच शीर शोधून सुई टोचायची असे. नाकावर आणि गालांवर मास्कचे वळ उठत. दोन हातमोज्यांमुळे बोटांना नाडी नीट लागत नसे. रुग्णाला आपला चेहराही दिसत नसल्याने काही जणी किटवर पेनने आपले नाव लिहून ठेवीत.

एरवी रुग्णाजवळ एक तरी नातेवाईक असतो. तो पाणी पाजतो, पाय चेपतो, कूस बदलायला मदत करतो. कोरोना वॉर्डात नातेवाइकाला प्रवेश नव्हता. त्यामुळे ही सारी कामे परिचारिकेवर आली. आईला घास भरवणारी मुलगी तीच, बाबांशी दोन शब्द बोलणारा मुलगा तीच. मोबाइल हातात धरून रुग्णाची घरच्यांशी भेट घडवण्याचे कामही तिनेच केले. कित्येकदा ती शेवटची भेट ठरली. पलीकडून रडण्याचा आवाज येई आणि फोन धरलेला हात हलू न देता ती उभी राही. फोन बंद झाला की पुढच्या खाटेवरचे सलाईन संपत आलेले असे.

थकवा आणि बर्नआउट

थकणे ही नैसर्गिक गोष्ट आहे. रात्रभर जागलेली आई दुसऱ्या दिवशी दोन तास झोपली की ताजीतवानी होते. बर्नआउटचे तसे नाही. सुट्टी मिळूनही थकवा जात नाही, झोपूनही शीण उतरत नाही.

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये हा शब्द वैद्यकीय लिखाणात आणला. पुढे क्रिस्टिना मॅसलॅक या संशोधिकेने त्याची तीन लक्षणे मांडली. पहिले म्हणजे मनाची शक्ती पार आटून जाणे. दुसरे म्हणजे समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणे. नावाने ओळखला जाणारा रुग्ण 'सात नंबरची खाट' होऊन जातो, तो याच टप्प्यावर. तिसरे लक्षण म्हणजे आपल्या कामाला काही अर्थ नाही, आपल्या हातून काहीच धड होत नाही, अशी भावना.

या तिन्हींत दुसरे लक्षण सर्वांत गैरसमज करून देणारे आहे. 'नर्स काय खेकसते हो!' अशी तक्रार आपण सर्रास ऐकतो. काही वेळा ती रास्तही असते. पण पुष्कळदा हा रुक्षपणा म्हणजे मनाने स्वतःभोवती घातलेले कुंपण असते. रोज चार मृत्यू पाहणाऱ्या मुलीने प्रत्येक मृत्यूवर घरच्यासारखे रडायचे ठरवले, तर ती आठवडाभरही टिकणार नाही. मग मन आपोआप दारे लावून घेते. दुर्दैव असे की ही दारे घरी गेल्यावरही उघडत नाहीत. मूल बिलगायला येते आणि आईला काहीच वाटत नाही. 'मला काही वाटेनासे झाले आहे' याचीच मग तिला भीती वाटू लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या स्पष्ट केली. कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणाचा योग्य बंदोबस्त न झाल्यामुळे उद्भवणारी ही अवस्था आहे, असे तिने म्हटले. तिची गणना आजारात केलेली नाही, कामाशी निगडित घटना म्हणून केली आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. दोष मुलीच्या कमकुवत मनाचा नसून कामाच्या रचनेचा आहे, हे त्यातून सूचित होते.

कळते, पण करता येत नाही

दुसऱ्या लाटेत आणखी एक दुःख भर घालायला आले. रुग्णासाठी काय करायला हवे ते परिचारिकेला कळत होते, पण ते करता येत नव्हते. प्राणवायू हवा आहे, पण तो मोजूनमापून वापरायचा आहे. दोन रुग्ण धापा टाकीत आहेत आणि यंत्र एकच आहे. निर्णय डॉक्टर घेत, पण त्यानंतर रुग्णाच्या डोळ्यांसमोर उभे राहायचे ते परिचारिकेने. मे २०२१ च्या सुरुवातीला चामराजनगरच्या जिल्हा रुग्णालयात प्राणवायूच्या टंचाईच्या काळात चोवीस तासांत २० हून अधिक रुग्ण दगावले. ती बातमी वाचून बंगळूरच्या प्रत्येक वॉर्डात एकच प्रश्न होता, 'उद्या आपल्याकडे असे झाले तर?'

योग्य काय ते ठाऊक असून परिस्थितीमुळे तसे वागता न येणे, या घुसमटीचे वर्णन १९८४ मध्ये अँड्र्यू जेमटन या अभ्यासकाने परिचारिकांच्याच संदर्भात केले होते. ही घुसमट ड्यूटीबरोबर संपत नाही. साथ ओसरल्यावरही महिनोन्‌महिने झोपेत तेच चेहरे दिसत राहतात, आपण थोडे लवकर पोहोचलो असतो तर, ही टोचणी लागून राहते.

आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने जानेवारी २०२१ मध्येच या स्थितीला परिचारिकांवरचा सामूहिक आघात म्हटले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोरोनाने दगावले असावेत. आपल्याच सहकारिणीवर आपल्याच वॉर्डात उपचार करण्याची वेळ पुष्कळांवर आली.

उंबरठ्याबाहेरची सून

रुग्णालयातून सुटका झाली तरी घरी सुटका नव्हती. आपल्यामुळे सासूबाईंना किंवा तान्ह्या बाळाला आजार होईल या धास्तीने कित्येक जणी आठवडेच्या आठवडे वेगळ्या राहिल्या. घरी आल्या तरी न्हाणीघरातून थेट वेगळ्या खोलीत. ताट दाराशी ठेवलेले. मूल काचेपलीकडून हात हलवते आहे आणि आई आतून हसते आहे, अशी दृश्ये त्या काळात घरोघरी दिसली.

देशातल्या अनेक शहरांतून आणखी कटू बातम्या आल्या. टाळ्या वाजवणाऱ्या शेजाऱ्यांनीच परिचारिकेला जिन्यातून जाण्यास मनाई केली. घरमालकांनी खोली रिकामी करायला सांगितले. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले झाले. अखेर २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारला वटहुकूम काढावा लागला आणि असा हल्ला अजामीनपात्र गुन्हा ठरला. ज्या कायद्यात ही दुरुस्ती झाली तो साथरोग कायदा १८९७ चा, म्हणजे प्लेगच्याच काळातला होता. सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचे विमा संरक्षणही जाहीर केले. मृत्यूनंतरची सोय झाली. जगत असतानाची मनःशांती कोठून आणायची, हा प्रश्न तसाच उरला.

एकीमागे किती?

बर्नआउटचे मूळ शोधत गेले की आपण एका साध्या आकड्यापाशी येतो. एका परिचारिकेमागे रुग्ण किती? केंद्र सरकारच्या रुग्णालयांसाठी ठरलेल्या प्रमाणानुसार आयसीयूत एका रुग्णामागे एक आणि सर्वसाधारण वॉर्डात सहा रुग्णांमागे एक परिचारिका हवी. साथ नसतानाही हे प्रमाण किती ठिकाणी पाळले जाते, हे रुग्णालयाची पायरी चढलेल्या कोणालाही सांगायला नको.

पेनसिल्व्हेनिया या अमेरिकेतील राज्याच्या रुग्णालयांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिकेच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. म्हणजे परिचारिकेच्या थकव्याची किंमत शेवटी रुग्ण मोजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगात ५९ लाख परिचारिकांची उणीव होती. शोकांतिका अशी की फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला २०० वर्षे झाली म्हणून तेच वर्ष परिचारिकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर झालेले होते.

पगाराचीही कथा फारशी वेगळी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २० हजार रुपये मिळावेत आणि २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार मिळावा, अशी शिफारस केली. शिफारस कागदावर उत्तम होती. तिचा अंमल राज्यांवर सोपवला गेला आणि तो रेंगाळला. ३ मे २०२१ रोजी, पाकळ्यांच्या वर्षावाला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, केंद्र सरकारने परीक्षेची वाट पाहणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींनाही कोरोना ड्यूटीवर घेण्याची मुभा दिली. हात कमी पडत होते, याची ती कबुलीच होती.

मन मोकळे करायला जागा

मनाच्या आजारांसाठी देशात नावाजलेली निमहान्स ही संस्था बंगळूरलाच आहे. मार्च २०२० च्या अखेरीस तिथून मानसिक आधारासाठी देशव्यापी दूरध्वनी सेवा सुरू झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या राष्ट्रीय सेवेचे सूत्रचालनही निमहान्सकडेच आले. १४४१६ या क्रमांकावर फोन केल्यास मराठीसह अनेक भारतीय भाषांत समुपदेशकाशी बोलता येते. परिचारिकाच नव्हे, कोणीही बोलू शकते, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

तरीही परिचारिका मदत मागायला कचरतात. 'दुसऱ्याला धीर देणारी मीच रडले तर लोक काय म्हणतील?' हा संकोच आड येतो. म्हणून घरच्यांनी आणि मैत्रिणींनीच काही खुणांकडे लक्ष द्यायला हवे. ड्यूटीवर जायच्या विचारानेच छातीत धडधडणे, झोप न लागणे, क्षुल्लक कारणावरून चिडणे किंवा अगदी गप्प होणे, आवडत्या गोष्टींत मन न रमणे, औषधाच्या नोंदीत वारंवार चुका होणे, 'आता जगण्यात काही राम नाही' असे बोलणे. शेवटची खूण दिसली तर एक दिवसही वाट पाहू नये. डॉक्टरांची मदत लगेच घ्यावी.

रुग्णालयांनाही फार खर्च न करता पुष्कळ करता येते. कठीण वॉर्डातली ड्यूटी आळीपाळीने द्यावी. सलग नाइट लावू नयेत. चार्ज देताना पाच मिनिटे थांबून 'आज काय जड गेले?' एवढे मेट्रनने विचारावे. विश्रांतीसाठी स्वच्छ खोली, वेळेवर गरम जेवण आणि वेळेवर पगार हेही औषधच आहे. योगासनांचे वर्ग चांगले, पण बारा रुग्णांमागे एक परिचारिका ठेवून तिला श्वासाचे व्यायाम शिकवणे म्हणजे गळक्या छताखाली भांडे ठेवण्यासारखे आहे. छत दुरुस्त करावेच लागेल.

आणि घरच्यांनी? ड्यूटीवरून आलेल्या सुनेच्या किंवा बायकोच्या हाती लगेच लाटणे देऊ नये. तिला अर्धा तास कोणी काही विचारू नये. तिला बोलावेसे वाटले तर 'विसरून जा' असे न म्हणता ऐकून घ्यावे. रात्रपाळी करून आलेली बाई दिवसा झोपते ती आळशीपणाने नव्हे, हे घरातल्या मुलांनाही समजावून सांगावे.

सावित्रीबाईंच्या वाटेवर

महाराष्ट्राला ही सेवा नवी नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा सावित्रीबाई फुले रुग्णांच्या सेवेला धावल्या आणि त्याच आजाराने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. १२३ वर्षांनी, ९ मार्च २०२० रोजी, महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण पुण्याच्याच नायडू रुग्णालयात आढळले. तिथल्या परिचारिका छाया जगताप यांना त्या महिन्याच्या अखेरीस खुद्द पंतप्रधानांनी फोन करून त्यांची विचारपूस केली, तेव्हा राज्यातल्या प्रत्येक परिचारिकेला तो फोन आपल्यालाच आल्यासारखा वाटला.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची एक गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर त्या स्वतः दीर्घकाळ आजारी होत्या. पुढची अनेक वर्षे त्यांनी खोलीत, पुष्कळदा अंथरुणावरूनच काम केले. दिवा घेऊन फिरणारी ती स्त्रीही माणूसच होती. तिलाही विश्रांती लागत होती.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. रुग्णालयांत आता नातेवाईक आहेत, मोसंबीच्या पिशव्या आहेत, भेटीच्या वेळेवरून होणाऱ्या तक्रारीही आहेत. त्या गर्दीत एखादी सिस्टर जरा तुटक बोलली, तर लगेच रागावण्याआधी तिच्या डोळ्यांकडे पाहावे. त्या दोन वर्षांत तिने काय काय पाहिले असेल, ते आपल्याला माहीत नाही. टाळ्या आणि फुले झाली. आता एखाद्या दुपारी तीन वाजता, तिने सलाईनची बाटली बदलल्यावर, साध्या आवाजात एवढेच विचारावे, "सिस्टर, तुम्ही जेवलात का?"